मागच्या सीटवरची झोप

सत्तरीत बाबांना नवी सेडान हवी होती. डिकीवाली, बजेटात बसणारी आणि पिकअप झकास असलेली. मी हो म्हटलं, पण मनात ठरवून टाकलं होतं की चालवीन मीच. या वयात त्यांचा काय भरवसा?

टेस्ट ड्राइव्हसाठी मुलुंडच्या शोरूमने एक गृहस्थ सोबत दिले. देवळात शिरावं तशा त्यांनी चपला काढल्या, पिशवीत घातल्या, मागे बसून मांडीवर रुमालाची घडी ठेवली आणि स्टिअरिंगवर बसलेल्या बाबांना म्हणाले, "चला काका, आरामात."

नाहूरचा पूल येईपर्यंत ते चक्क झोपले होते. मी वैतागले. गाडीची माहिती द्यायची सोडून हा माणूस घोरतोय. बाबा मात्र खुशीत पुलावर पिकअप बघत होते.

परतताना मी स्टिअरिंग घेतलं. जरा वेळाने आरशात पाहिलं, तर गृहस्थ टक्क जागे. रुमाल खाली पडलेला आणि दारावरचं हँडल दोन्ही हातांनी धरलेलं.

"आता झोप नाही येत?" मी विचारलं.

"ताई, वीस वर्षं अनोळखी माणसांच्या मागे बसतोय," ते अगदी अदबीने म्हणाले. "भरवसा वाटल्याशिवाय माझा डोळा लागत नाही."

बाबा खिडकीबाहेर बघत राहिले. हसू दाबलं की त्यांचे कान हलतात, ते मला दिसत होते.

गाडी आम्ही तीच घेतली. ती कोण चालवणार, हा विषय मी पुन्हा काढला नाही.