अण्णा मागे बसले

मी घर सोडलं ते स्कूटरवरून. खेडजवळच्या आमच्या वाडीतून मला नवीन पनवेलला जायचं होतं. जासईच्या एका कंटेनर यार्डात कागदपत्रांचं काम मिळालं होतं. सामान आदल्या दिवशी मामाच्या टेम्पोतून पुढे गेलं. उरले मी आणि माझी एकशेपंचवीस सीसीची राखाडी स्कूटर. आई डिकीत आमसुलं आणि कुळथाचं पीठ कोंबत होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, टायर दाबून बघत होते. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस.

"ही काय गाडी? एवढुशी चाकं," ते म्हणाले आणि आत निघून गेले. रस्त्यापर्यंत एकटी आईच आली. पेण येईपर्यंत मी अण्णांशी मनातल्या मनात भांडत होते.

वाडीतून माझ्यासारखे जे बाहेर पडले, त्यांना हे कळेल. नव्या गावात आपण काय काय शिकलो ते घरी सांगायला जागाच नसते. मी रोज ट्रेलरांच्या रांगेतून जासईला जायला शिकले. पावसात हेल्मेटची काच बोटभर उघडी ठेवायची, नाहीतर धुरकट होते. रस्त्यावरच्या ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर ब्रेक दाबायचा नाही, चाक घसरतं. यार्डात माझ्या डेस्कखाली कायम एक सुका ड्रेस असतो. दर महिन्या-दीड महिन्याने मी स्कूटरनेच खेडला जायचे. फोनवर अण्णा स्कूटरबद्दल कधीच विचारत नसत. "वडखळच्या ट्रॅफिकमध्ये किती वेळ गेला?" एवढंच. आईच मग फोन हिसकावून घेऊन, जेवलीस का ते विचारायची.

गेल्या जुलैत अण्णांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. शनिवारी सकाळी. "तू ये," असं ते पहिल्यांदाच म्हणाले. मी आदल्या दिवशी हाफ डे टाकला, एवढ्या पावसात या वेळी रेल्वेनेच जायचं ठरवलं. पण शुक्रवारी दरड आल्यामुळे कोकणच्या गाड्या रद्द झाल्या, एसट्याही सुटेनात. मी रेनकोट चढवला आणि दुपारी बाराला निघाले.

नागोठण्याच्या अलीकडे नदीचं पाणी रस्त्यावर आलं होतं. माझ्यापुढचा एक बाइकवाला पाय वर उचलून पाण्यात शिरला आणि पलीकडे गेलासुद्धा. मीही पुढचं चाक पाण्यात घातलं. टपरीवरच्या मावशी ओरडल्या, "ए बाय, फुडं पानी हाय! तुजी गाडी नाय जायची!"

बाइक गेली होती. मीही गेले असते. पण अण्णा जेवताना नेहमी सांगायचे ते आठवलं. "डांबर दिसत नसेल तर तिथं रस्ताच नाही असं समजायचं. मागं पन्नास माणसं बसलेली असतात." माझ्यामागे कुणीच नव्हतं. तरी मी उतरले, स्कूटर मागे ढकलत आणली आणि टपरीच्या पत्र्याखाली लावली. दुपारची संध्याकाळ झाली. पाणी वाढतच गेलं. मुक्काम मावशींच्याच घरी झाला. फोनवर आई म्हणाली, "ते वाट बघतायत गो." मी फोन ठेवला आणि मावशींच्या ओसरीवर बसून रडले. त्यांनी गरम भाकरी आणि सुकटीचं कालवण पुढे ठेवलं.

सकाळी उशिरा पाणी उतरलं. खेडला पोचले तेव्हा ऑपरेशन होऊन अण्णा घरी आले होते. डोळ्यावर काळा चष्मा लावून खाटेवर बसले होते. उशीर का झाला, असं ते विचारतील म्हणून मी तयारीत होते.

"कुठं थांबलीस?"

"नागोठण्याच्या अलीकडे."

"पाणी किती होतं?"

"डांबर दिसत नव्हतं."

ते स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला म्हणाले, "हिला गाडी चालवता येते." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून डेपोतल्या दोनच माणसांबद्दल ऐकलं होतं.

नोव्हेंबरात घरी जाऊन मी पनवेलला परत निघाले तर अण्णा हेल्मेट मागून घेऊन मागे बसले. "दहा दिवस राहून येतो." आईने कपाळाला हात लावला. वाटेत समोरून एसटी आली की ते हात वर करायचे. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय माझ्या मागे, नसलेला ब्रेक दाबत होता. मला तो जाणवायचा. दर तासाभराने आम्ही चहाला थांबलो. कुठल्या थांब्यावर कुणाचं हॉटेल होतं, हे त्यांनी इतक्या वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं, ते सगळं त्या दिवशी सांगून टाकलं.

चारच्या सुमारास नवीन पनवेलला माझ्या वन आरकेत आलो. अण्णांनी बूट काढले, सगळे नळ सोडून बघितले, बाल्कनीत खुर्ची ओढली आणि आईला फोन लावला. स्पीकर चालूच होता.

"पोचलो गं घरी."

"घरी?" आई तिकडून म्हणाली. "मग मी इथं काय लोकांच्या घरात बसल्येय?"

अण्णा इतके हसले की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर बघितलं. मी चहा टाकायला आत गेले. पुढच्या खेपेला आईलाही मागे बसवून आणणार आहे.