रिव्हॉल्वर ठाण्यात जमा असतानाचे दिवस

नव्वदच्या दशकात वडील नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा व्यापार करायचे. एकदा मोटारसायकलवरून बोरी बुद्रुकला परतताना दोघांनी त्यांना अडवलं, मारलं आणि पैशांची पिशवी नेली. मोडलेला हात बरा झाल्यावर त्यांनी शस्त्राच्या परवान्यासाठी अर्ज केला. पुष्कळ खेटे घातल्यावर परवाना मिळाला आणि ते पुण्याहून रिव्हॉल्वर घेऊन आले.

आई म्हणाली, "हे घरात कशाला? कुणी हिसकावून घेतलं तर?"

"ते दाखवायला असतं. चालवायला न्हाई."

हे मला कळलं नाही. जे चालवायचंच नाही, त्याला कुणी का घाबरावं? शेजारच्या घरात राहणारे धाकटे काका मात्र खूश होते. पावण्यांना सांगायचे, "आमच्या दादाकडं लायसनचं हाय." वडील ते कमरेला लावून लग्नाला निघाले की मलाही बरं वाटायचं. मग मांडवात लोक त्यांच्याशी जपून बोलायला लागले की वाईट वाटायचं.

पुढं विहिरीच्या पाण्यावरून भावाभावांत वाजलं. एका दुपारी काका अंगणात उभे राहून तावातावाने बोलत होते. वडील वळले आणि घरात गेले. काकांचं बोलणं तिथंच थांबलं. आई धावत आत गेली आणि रिव्हॉल्वर ठेवलेल्या कपाटाला पाठ लावून उभी राहिली. मी दारात होते. वडिलांनी तिच्याकडं पाहिलं आणि माठातलं पाणी घेऊन प्यायले.

"पाणी प्यायला आलो व्हतो," ते म्हणाले.

बाहेर येऊन पाहिलं तर काका निघून गेले होते. त्यानंतर त्यांचं आमच्याकडं येणं थांबलं. वडील आईला अधूनमधून विचारायचे, "त्याला खरंच वाटलं का, मी त्याच्यावर..." आई कामाला लागायची.

निवडणूक लागली की रिव्हॉल्वर पोलीस ठाण्यात जमा करावं लागे. त्या वर्षी वडील ते देऊन आले आणि दुसऱ्याच सकाळी काका चहाला आले. काही झालंच नसल्यासारखं बोलत बसले. निकालानंतर वडिलांनी रिव्हॉल्वर परत आणलं आणि काका पुन्हा यायचे बंद झाले. पुढच्या निवडणुकीतही असंच झालं.

काही वर्षांनी आम्ही भावंडं नोकरीसाठी पुण्याला गेलो. काकाही नारायणगावात राहायला गेले. एका निवडणुकीनंतर मी घरी आले होते, तेव्हा वडील म्हणाले, "आता ते परत आणत न्हाई. देऊन टाकतो."

"आणा," आई म्हणाली.

"तूच तर नको म्हणत व्हतीस."

"तवा शेजारी माणसं व्हती. आता रातीला आपण दोघंच."

वडील गोंधळले.

त्यांनी रिव्हॉल्वर आणलं. मग स्वतःच काकांना फोन केला, पिकांचं, पावसाचं बोलले आणि रविवारी जेवायला बोलावलं. काका आले, पण आत येईनात. "हितंच बरं वाटतंय," म्हणत दाराबाहेरच्या ओट्यावर बसले. आईनं त्यांचं ताट बाहेर नेऊन दिलं. वडिलांनी आपलं ताट उचललं आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले.