गाडीला लावलेलं वळण

मोटार शिकवणाऱ्या बाईंना सगळा मोहल्ला मास्तरीण म्हणायचा. त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून निम्म्या मोहल्ल्याने क्लच दाबायला शिकलं होतं आणि उरलेल्या निम्म्याने त्यांच्या लाल पाटीची गाडी दिसली की रस्ता सोडायला शिकलं होतं. मास्तरणीला एकाच गोष्टीचा कंटाळा होता. शिकाऊ माणूस क्लच झटक्यात सोडतो, गाडी उचकी देते आणि चौकाच्या मधोमध बंद पडते. मागून हॉर्न सुरू होतात आणि शिकाऊ माणूस असा बघतो, जणू गाडी मास्तरणीनेच बंद पाडली.

गॅरेजवाल्याने एकदा सहज सांगितलं की आजकालच्या गाडीत इंजिन किती फिरायचं, पेट्रोल किती प्यायचं, हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. मग त्यालाच समजावून सांगा ना, असं मास्तरीण म्हणाली. गॅरेजवाला हसला. त्याचं काम नटबोल्टापर्यंत, त्यापुढचं देव जाणे, असं म्हणून त्याने हात झटकले.

मास्तरणीच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. मुलीचा जुना लॅपटॉप होता, गाडीचा कॉम्प्युटर त्याला जोडायची एक केबल मागवली आणि दुपारी शिकवण्या नसताना जेवणाच्या टेबलावर अभ्यास सुरू झाला. यजमान बेकरी चालवायचे. पहाटेपासून भट्टीपाशी उभे राहून दुपारी घरी यायचे, तर ताटाच्या जागी आकड्यांचे तक्ते उघडलेले. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं की हा इंजिनाचा स्वभाव आहे. यजमानांनी ताट उचललं आणि ओट्यापाशी उभ्यानेच जेवले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसाला कुठे बसावं आणि कुठे उभं राहावं हे कळतं.

पहिला प्रयोग अंगाशी आला. गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या आकड्यांची मूळ फाइल जपून ठेवायची अक्कल मास्तरणीला होती, पण नवी फाइल गाडीत भरताना बॅटरीकडे लक्ष द्यायची नव्हती. अर्ध्यात बॅटरीने मान टाकली आणि कॉम्प्युटर ना जुना राहिला ना नवा. दारात गाडी ओंडक्यासारखी पडली. थोड्या वेळाने शिकवणीला नर्सबाई आल्या. मास्तरीण चेहऱ्यावरची माशीही हलू न देता म्हणाली, "आज गाडी ढकलायचा धडा आहे. रस्त्यात बंद पडली तर आलं पाहिजे." नर्सबाईंनी पदर खोचून गाडी गॅरेजपर्यंत ढकलली आणि वर आभार मानले.

गॅरेजात कॉम्प्युटर बाहेर निघाला, घरी टेबलावर आला, उघडला गेला. मास्तरणीने हजार खटपटी करून त्यात मूळ फाइल परत घातली. त्यानंतर बॅटरीला चार्जर लावल्याशिवाय तिने केबलला हात लावला नाही. हळूहळू तक्ते बोलू लागले. गाडी उभी असताना इंजिन थोडं जास्त फिरवलं, पाय कसाही पडला तरी ताकद हळूच वाढेल असं केलं, गाडी गुदमरू लागली की इंजिनाने स्वतःच सावरून घ्यावं असं शिकवलं. गाडी गायीपेक्षा गरीब झाली. क्लच कसाही सोडा, ती आपली मुकाट चालू लागायची. माणसं पटापट पास होऊ लागली आणि मास्तरणीचं नाव झालं.

मग एके दिवशी चष्म्याचे दुकानदार आले. त्यांनी आपल्या नव्या गाडीने आपल्याच दुकानाचं शटर आत ढकललं होतं.

"मास्तरीणबाई, तुमच्या गाडीवर मी पास झालो," ते म्हणाले, "आणि माझ्या गाडीवर नापास."

त्यांच्यामागोमाग नर्सबाईंची हकिगत आली. त्यांची गाडी प्रत्येक सिग्नलला बंद पडत होती. ढकलायला मात्र त्यांना उत्तम येत होतं.

मास्तरणीने दोन दिवस लॅपटॉपला हात लावला नाही. गरीब गाडीने माणसं बिघडवली होती. चूक तिची होती आणि तिला ती बोचत होती. पण या बाईला पश्चात्तापही स्वस्थ बसू देत नसे. तिसऱ्या दिवशी तिने लॅपटॉप उघडला आणि सगळे आकडे उलटीकडे नेले. आता इंजिन इतकं हळू फिरायचं की क्लच जरा घाईत सोडला तर फट्कन बंद. सावरून घेणं तर साफ काढून टाकलं. ब्रेकला मात्र तिने बोट लावलं नाही आणि शिकवणीही मोकळ्या मैदानात नेली. मस्करीलाही मर्यादा असते, असं तिचं म्हणणं होतं.

या द्वाड गाडीवर पहिल्या बसल्या त्या सासूबाई. साठी उलटल्यावर त्यांना मोटार शिकायची हुक्की आली होती. सुनेने गाडीला काय केलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं. दर दोन मिनिटांनी गाडी बंद पडायची, सासूबाई तिला खास ठेवणीतल्या शिव्या घालायच्या आणि सून खिडकीबाहेर तोंड करून ओठ चावायची. पण म्हातारी चिवट. पायाच्या अंगठ्यात कान असल्यासारखा क्लच ऐकू लागली. महिन्याभराने गाडी तिच्या पायाखाली लोण्यासारखी चालू लागली.

परीक्षेच्या दिवशी मास्तरणीची धांदलीत परीक्षेपुरती गरीब फाइल भरायची राहून गेली. हे तिला मैदानात पोहोचल्यावर आठवलं. परीक्षा घेणारे साहेब कडक. त्यांनी इंजिनाचा आवाज ऐकला आणि कपाळाला आठ्या घातल्या. गाडी आजारी दिसते, आधी आपण स्वतः चालवून बघतो, असं म्हणून ते बसले. क्लच सोडला. फट्. पुन्हा किल्ली फिरवली. फट्. रांगेतले सगळे उमेदवार एकाएकी आकाशाकडे बघू लागले. तिसऱ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा सासूबाई खिडकीपाशी गेल्या.

"जरा हळू सोडा, साहेब. तिला घाई चालत नाही."

साहेब निमूट शेजारच्या सीटवर सरकले. सासूबाईंनी पदर सावरला, गाडी काढली, वळवली, चढावर उभी केली, चढावरूनच उचलली, मागे घेऊन खांबांच्या मधे लावली. एकदाही उचकी नाही.

साहेबांनी सही केली आणि मास्तरणीला बाजूला घेतलं. गाडीला काय केलंय, त्यांनी विचारलं. तिने खरं ते सगळं सांगितलं, शटरसकट आणि खिडकीबाहेर तोंड करून दाबलेल्या हसण्यासकट. साहेबांनी पेन खिशाला लावलं. परीक्षेला गाडी मुळात होती तशी करूनच आणायची, नाहीतर शिकवायचा परवाना जाईल, एवढं त्यांनी ठणकावलं. मग आवाज खाली आणला.

"माझा मेहुणा आहे. स्वतःला फार मोठा ड्रायव्हर समजतो. सोमवारपासून पाठवतो."

"साधी गाडी देऊ की ही?"

"हीच. आणि खिडकीबाहेर बघत बसा."