आवाज बंद करून पाहायची मालिका

मालिका कुरिअरने आली. डीव्हीडींचा जाडजूड संच, आणि खोक्यावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत जाहिरात की आवाज नव्याने सुधारून घेतला आहे. ते वाचून मी एकटीच हसले. आवाजासाठी ती मालिका आम्ही कधी पाहिलीच नव्हती.

नाव सांगत नाही. ज्यांनी पाहिली असेल त्यांना लगेच कळेल, बाकीच्यांना नाव सांगून उपयोग नाही. एक जुनी मालवाहू बोट, तिच्यावर तीन प्राणी. कप्तान कासव, स्वयंपाकी बकरी आणि इंजिन सांभाळणारा कावळा. दर भागात बोट बिघडायची, दर भागात कुणीतरी ती हिसकावून घ्यायला यायचं आणि कप्तान ती द्यायचा नाही. गोष्ट एवढीच. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही दोघं भावंडं धावत घरी यायचो, तोवर ती सुरू झालेली असायची.

आमचे वडील साताऱ्याकडचे, वीज केंद्रात नोकरीला, शिफ्टमध्ये. कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळेच शिफ्टवाले होते. रात्रपाळी करून आलेला माणूस झोपला की त्या घरची बाई दाराच्या कडीला एक फडकं बांधायची. फडकं दिसलं की बेल वाजवायची नाही, जिन्यात पळायचं नाही, दूधवाल्यानेसुद्धा पिशवी गुपचूप ठेवून जायचं. बिल्डिंगमध्ये कुठे ना कुठे फडकं असायचंच. त्यामुळे आम्ही सगळी मुलं कुजबुजत वाढलो. भांडणंसुद्धा कुजबुजत व्हायची आणि त्यांची मजा काही कमी नव्हती.

तर शनिवारी आतल्या खोलीत वडील झोपलेले आणि बाहेर टीव्ही चालू, आवाज पूर्ण बंद. मग संवाद आम्हीच म्हणायचो, कुजबुजत. बकरी माझ्याकडे. तिला मी आईचा आवाज दिला होता: "आरं गिळा की, गार हुतंय!" कावळा दोघांत मिळून, तो बोईसरच्या कारखान्यातल्या फिटरसारखा हिंदी बोलायचा: "हो जाएगा साब, टेन्शन नहीं लेने का." आणि कप्तान दादाचा. फक्त दादाचा. दादाने कप्तानाला आमच्याकडे मुरब्याच्या कोळीवाड्यातून मासळी घेऊन येणाऱ्या मावशींचा आवाज दिला होता. मावशींच्या गालात कायम पान असायचं आणि पडद्यावरच्या कप्तानाच्या तोंडात कायम चिलीम, म्हणून ते बरोबर बसायचं. दारात येऊन मावशी विचारायच्या, "काय घ्यायचा हाय?" आणि भाव पाडून मागितला की टोपलीवर फडकं टाकून म्हणायच्या, "आमी नाय देत." कप्तानसुद्धा बोट मागायला आलेल्याला तेच सांगायचा. जड जिभेने, पान सांभाळत. "आमी नाय देत."

एकदा वडील पहिल्या पाळीला गेलेले असताना आम्ही आवाज लावून पाहिला. कासव भलत्याच रुबाबदार इंग्रजीत बोलत होतं. दादा म्हणाला, "ह्याला काही येत नाही," आणि बटण फिरवून आवाज बंद केला. नियमही ठरलेला होता: ज्याचं पात्र त्यानेच बोलायचं. दुसऱ्याच्या पात्राचं वाक्य म्हटलं की तो भाग संपेपर्यंत गप्प बसायचं.

हे सगळं मला अचानक आठवलं असं नाही. मी आठवायला बसले होते, कागद-पेन्सिल घेऊन. मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. काय आहे, काय संपलं, काय मागवायचं, याची यादी केल्याशिवाय मला विचार करता येत नाही, आणि घरचे त्यावरून हसतात, हसोत. पावसाळ्यानंतर दादाला पक्षाघाताचा झटका आला. वेळेवर दवाखान्यात नेलं, जीव वाचला, पाय सावरला, उजवा हात निम्मा परतला. जीभ मात्र जड झाली. शब्द डोक्यात असायचे, बाहेर येताना लोळत यायचे. शाळेच्या खेळांपासून गणपतीच्या मंडपापर्यंत ज्याच्या हातून माईक काढून घ्यावा लागे, तो माणूस स्वतःचा आवाज एकदा ऐकून गप्पच झाला.

स्पीच थेरपीच्या मॅडमनी मला स्पष्ट सांगितलं होतं. "येईल, बरंच परत येईल, पण बोलले तर. काहीही बोलू देत. गप्प राहिले तर पुढे अवघड होत जाईल." त्यांनी चित्रांची कार्डं दिली. कप, कंगवा, आंबा. दादाने पहिल्याच दिवशी कंगव्याचं कार्ड पाहिलं, स्वतःच्या टकलावरून हात फिरवला आणि गठ्ठा टीपॉयच्या खाली सरकवला. विनोद चांगला होता. पण तोही त्याने न बोलताच केला.

मग घरातलं बोलणं त्याच्या डोक्यावरून जाऊ लागलं. भेटायला येणारे वहिनीला विचारायचे, "जेवतात का? झोप लागते का?" तो समोर खुर्चीत बसलेला असायचा. वहिनी उत्तरं द्यायची. तिचा त्यात दोष नव्हता, बिचारीला त्याची लाज झाकायची होती. एक दिवस मी बोईसरला त्यांच्या फ्लॅटवर गेले तर दाराच्या कडीला फडकं बांधलेलं. मी हळूच दार ढकललं. आत दादा टक्क जागा, भिंतीकडे बघत बसलेला.

"झोपला नाहीये तर फडकं कशाला?" मी विचारलं.

"लोक येतात हो ताई. ह्यांना नकोसं होतं," वहिनी म्हणाली.

त्या रात्री घरी जाऊन मी कागद घेतला आणि दादा आपणहून काय काय बोलायचा ते लिहीत बसले. क्रिकेटवरची बडबड, मंडपातल्या घोषणा, युनियनची भाषणं. सगळ्याला मोठा आवाज लागत होता, सगळ्याला समोर माणसं लागत होती. एकच गोष्ट कुजबुजत केलेली होती.

संच मागवला. घरातला जुना डीव्हीडी प्लेअर माळ्यावरून काढून दुरुस्त करून घेतला. साप्ताहिक सुट्टी बदलून शनिवार मागून घेतला. साहेब म्हणाले, "काही खास?" मी म्हटलं, "कार्टून बघायचंय." त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी सुट्टी बदलण्याचा अर्ज पुढे सरकवला.

वहिनीला मात्र ते पटलं नाही. तिने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"ताई, राग मानू नका. पण मोठ्या माणसाला कार्टून लावून बसवायचं म्हणजे... कुणी बघितलं तर म्हणेल, ह्यांचं डोकंपण गेलं."

"म्हणू दे. जो म्हणेल त्याला माझ्याकडे पाठव."

"आणि त्यांनाच आवडलं नाही तर?"

"तर मी एकटी बघेन. मला आवडतं."

पहिल्या शनिवारी मी डिस्क घातली आणि टीव्ही लावला. सुधारलेला आवाज खरोखरच दणदणीत होता. समुद्र गरजला, बोटीचा भोंगा वाजला आणि कासव त्याच रुबाबदार इंग्रजीत बोललं. दादाने तोंड वाकडं केलं. डावा हात पुढे केला, माझ्याकडून रिमोट घेतला, बरंच शोधून बटण दाबलं. आवाज बंद.

मी बकरी सुरू केली. पन्नाशीला आलेल्या बाईने भरदिवसा "आरं गिळा की" म्हणताना कसं वाटतं ते मला विचारू नका. वाटायचं ते वाटून झालं आणि मी पुढे गेले. कावळाही मीच केला. कप्तानाची वेळ आली तेव्हा मी थांबले. पडद्यावर कासवाचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, चिलीम वरखाली होत होती, आणि खोलीत कुणी बोलत नव्हतं. वहिनी दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "ताई, तुम्हीच म्हणा ना त्याचं."

"माझं पात्र नाही ते," मी म्हटलं.

दादाने माझ्याकडे पाहिलं. नियम त्याला आठवत होता. पण त्या दिवशी कप्तान मुकाच राहिला. सगळा भाग. घरी परतताना माझ्या डोक्यात शंका होतीच, नव्हती असं कशाला म्हणू. पण पुढच्या शनिवारीही मी गेले आणि पुन्हा तेच केलं. बोट विकत घ्यायला कोट घातलेला लांडगा आला, हात पुढे करून उभा राहिला, कप्तानाचं तोंड उघडलं. मी गप्प. आणि शेजारच्या खुर्चीतून, आतल्या खोलीत कुणीतरी झोपलं असावं तशी, कुजबुज आली.

"आमी... नाय... देत."

जड होतं. लोळत होतं. आणि अगदी बरोबर होतं, कारण ते वाक्य असंच म्हणायचं असतं. मावशींनी ते कधीच स्वच्छ म्हटलं नव्हतं. मी दादाकडे पाहिलं नाही. लगेच बकरीचं वाक्य टाकलं.

त्यानंतर कप्तान बोलू लागला. कुजबुजतच, पण बोलू लागला. शनिवार सोडून इतर दिवशीही वहिनी डिस्क लावू लागली, म्हणजे तिला कावळा करावा लागला, आणि तिचं हिंदी ऐकून दादा खुर्चीतल्या खुर्चीत हसायचा. मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुजबुज झाली. आता आवाज काढायला लावा." सांगायला सोपं. शब्द जड आले की तो खाली कुजबुजीत उतरायचा. दारावरचं फडकं अजून होतंच.

मग एका शनिवारी मामा आले. मामा म्हणजे आमच्या आईचे धाकटे भाऊ, कल्याणला असतात, मायेचे आहेत आणि फार बोलतात. फडकं पाहून त्यांनी बोटाने टकटक केली. आत येऊन दादाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि मग त्याच्या डोक्यावरून वहिनीशी बोलायला लागले.

"कसा आहे गं? शांत असतो ना? हट्ट नाही ना करत?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मामांचं लक्ष टीव्हीकडे गेलं. कावळा इंजिनात अडकला होता.

"हे काय लावलंय?"

"कार्टून," मी म्हटलं.

"ते दिसतंय मला. आवाज कुठाय?"

"आवाज आम्ही देतो."

मामा म्हणाले, "अगं, तू घरातली शहाणी! आजारी माणसापुढे हे चाळे? उद्या पाहुणे येतील, काय म्हणतील? पोरखेळ झालाय सगळा."

"मामा, आज शनिवार आहे. शनिवारी या घरात हेच बघतात. तुम्ही बसा, तुम्हालाही एखादं पात्र देते."

"मला नको तुझं पात्र. बंद कर ते आधी. बातम्या लाव, त्यालाही जरा बरं वाटेल." आणि माझ्याकडून काही होत नाही असं पाहून त्यांनी स्वतःच हात पुढे केला. रिमोट दादाच्या डाव्या मुठीत होता. मामांनी तो मुठीतून सोडवायला घेतला, लहान मुलाच्या हातून खेळणं काढावं तसा.

दादाने मूठ आवळली.

"आमी नाय देत."

कुजबुज नव्हती ती. खणखणीत आवाज होता, पान खाल्ल्यासारखा जड, मंडपाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जाईल असा. मामा हात तसाच धरून उभे राहिले. दादाने दम घेतला. दुसरं वाक्य यायला वेळ लागला आणि आम्ही कुणीही ते त्याच्या तोंडातून ओढून काढलं नाही.

"मी... इथंच हाय. मला... इचारा."

मामांचा चेहरा आधी लाल झाला, मग ते सोफ्यावर बसले. "हा... हा असा का बोलतोय? कोळणीसारखा?"

"कप्तान आहे तो," मी म्हटलं.

वहिनी स्वयंपाकघरात गेली. भांड्याचा आवाज झाला. आणि मग तिचा आवाज आला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, पाहुण्यांसमोर थेट त्याला उद्देशून: "अहो, चहात साखर किती घालू?"

"नेहमीची," दादा म्हणाला. हे कप्तानाचं नव्हतं. हे त्याचं स्वतःचं होतं, तितकंच जड. मग मामांकडे बघून म्हणाला, "तुमाला?"

मामांनी साखर सांगितली. त्यालाच सांगितली. तो भाग त्यांनी शेवटपर्यंत पाहिला, पात्र मात्र घेतलं नाही.

कुणी विचारतं, आता पहिल्यासारखं झालं का? नाही झालं. जीभ जड आहे, कदाचित थोडी जडच राहील. फोनवर लोकांना त्याचं बोलणं कळत नाही, मग तो पुन्हा सांगतो, आणि तरी नाही कळलं तर तिसऱ्यांदा सांगतो. ऐकणाऱ्याने कान द्यावा. एवढं काम ऐकणाऱ्यालाही असू दे. आणि आम्ही कार्टून बघतो. संच संपला की पहिल्या डिस्कपासून पुन्हा बघणार, हे मी आत्ताच सांगून ठेवते. ज्यांना शोभत नाही वाटतं त्यांनी शनिवारी येऊ नये.

मामा येऊन गेले त्याच्या पुढच्या आठवड्यात मी बोईसरला पोचले तर दाराची कडी रिकामी होती. फडकं मला नंतर ओट्यावर दिसलं, वहिनीने शेगडी पुसायला घेतलं होतं. मी बेल वाजवली. आत कुणी झोपलेलं नव्हतं, म्हणून चांगली लांब वाजवली. खुर्ची सरकली. पाय ओढत पावलं येऊ लागली, सावकाश, आणि दार उघडायच्या आधीच आतून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा आवाज आला.

"आलो, आलो... काय घ्यायचा हाय?"