सातव्या कलमाची फळी

शनिवार, दोन ऑगस्ट १९५८. संध्याकाळचे सहा. मुलुंडला माझ्या धाकट्या भावाच्या खोलीत हजर: भाऊ दत्ताराम, त्याची बायको सुमती, त्याच्या गोदामातले हमालांचे मुकादम गणूदादा आणि मी. तिघं काळजीत, आणि ज्याची काळजी करायची तो भजी मागत होता. दुपारी गोदामात लागलेली आग त्याने विझवली होती आणि अंगावर एक फोडसुद्धा नव्हता. "चेहरे बघा तुमचे! मेलो नाय गो मी," तो मला म्हणाला. रविवारी दुपारी, इस्पितळाच्या वाटेवर, तो गेला. त्याला आज सहा आठवडे झाले.

दत्ताराम खताच्या एका व्यापाऱ्याकडे गोदामपाल होता. जहाजाने आलेलं अमोनियम नायट्रेट तिथे पोत्यांनी रचलेलं असे, पांढरं, जाड्या मिठासारखं. "यातलं मूठभर शेतात पडलं की ऊस कसा तरारतो बघ," तो सांगे, "आणि हेच कारखान्यात गेलं की खाणीतल्या सुरुंगाची दारू होते. एकाच पोत्यात दोन्ही. त्याला जावयासारखं वागवायचं, ताई. मारायचं नाही, तापवायचं नाही, भलत्याच्या शेजारी बसवायचं नाही." पण पावसाळी हवेत ती पोती ओल धरून दगडासारखी होत, आणि हमाल लोखंडी पहारीने ठोकून ती फोडत. ते त्याला बघवत नसे. एकदा मालाबरोबर सूचनांचा इंग्रजी कागद आला, तो घेऊन हा थेट घाटकोपरला माझ्याकडे. मी शाळेत शिकवते, आणि घरातल्या साऱ्या याद्या माझ्याच हातच्या.

"मराठीत कर, आणि मोठ्या अक्षरात."

"तुझ्या हमालांत वाचता किती जणांना येतं रे?"

"एकट्या गणूदादांना. रोज सकाळी कुलूप काढण्याआधी ते म्हणणार आणि बाकीचे मागून म्हणणार. आरतीसारखं."

त्याने खोक्याच्या लाकडाची फळी काळी रंगवून आणली. लोखंडाने ठोकू नये, लाकडी मोगरी घ्यावी. विडी ओढू नये. तेल, भुसा, कोळसा जवळ ठेवू नये. फुटलेलं पोतं वेगळं काढावं. आग लागल्यास दारं सताड उघडावी. वाळू किंवा ताडपत्री टाकू नये, भरपूर पाणी मारावं. सहा कलमांत फळी भरली. सातवं धुराबद्दल होतं आणि लांब होतं. ते मी लांबी मोजण्यापुरतंच पाहिलं. दाटीवाटीने लिहिलेलं कुणी वाचत नाही, म्हणून म्हटलं, दुसरी फळी आण. आठवड्यात त्याने दुसरी फळी रंगवून, दोरीने रेघा आखून स्वतःच्या खोलीत दारामागे ठेवली. मी रविवारी येऊन लिहायचं ठरलं. एका रविवारी वह्या तपासायच्या होत्या, पुढच्या रविवारी डोहाळजेवण, त्याच्या पुढच्या... माझ्या यादीत मात्र 'फळी' दर वेळी होती. गोदामात सहावं कलम म्हणून झालं की दत्ताराम हमालांना सांगे, "सातवं ताईकडून यायचंय." पोरं हसत.

त्या शनिवारी कुणीतरी कोपऱ्यात टाकलेली रिकामी तेलकट पोती धुमसू लागली आणि शेजारची थप्पी तापली. गणूदादांनी नंतर सगळं सांगितलं. दत्तारामने माणसं बाहेर काढली, दारं उघडली, वाळूची बादली घेऊन धावलेल्याचा हात धरला आणि विहिरीवरून पाणी चालू ठेवलं. तांबूस धूर येत होता, तरी शेवटचं पोतं थंड होईपर्यंत तो आत उभा होता. फळीवरचं आगीचं एकूण एक कलम त्याने पाळलं. मग थोडा खोकला, पाणी प्याला, चालत घरी आला. मी त्याला अडुळशाचा काढा दिला. "सकाळी ठीक होईन," म्हणाला. मला ते पटलं. मी सातला निघाले.

सकाळी निरोप आला. मी पोचले तेव्हा ओठ निळे पडले होते आणि त्याला बोलता येत नव्हतं. त्याने फक्त माझा हात धरून ठेवला, टॅक्सीतही. इस्पितळातल्या डॉक्टरांनी एकच विचारलं, "काल धूर घेतला होता ना यांनी? कालच का नाही आणलंत?"

घरी येऊन मी खणातला तो इंग्रजी कागद काढला आणि सातवं कलम वाचलं. धूर ज्याच्या नाकातोंडात गेला असेल त्याने, बरं वाटत असलं तरी, चालू-फिरू नये. त्याला ताबडतोब डॉक्टरकडे न्यावं. त्रास कित्येक तासांनी सुरू होतो. तीन वाक्यं. पाच ओळींत बसली असती... आदल्या दिवशी नेलं असतं तर वाचला असता का, हे डॉक्टर बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

गणूदादांना मी ते तोंडी सांगितलं आहे. पण तोंडी सांगितलेलं नव्या हमालापर्यंत पोचत नाही, हे मला वर्गात रोज दिसतं. पोती अजून येत आहेत. फळी सुमतीच्या दारामागेच आहे, त्याच्या हाताच्या रेघांसकट. दोन रविवार मी रंग आणि ब्रश घेऊन गेले. 'धूर' एवढं लिहून होतं, आणि पुढे हात चालत नाही. सुमती ओल्या फडक्याने ते पुसते आणि चहा ठेवते.

परवा सकाळी मी गोदामावरून गेले. गणूदादा कुलपापाशी उभे राहून कलमं म्हणत होते, मागून हमाल. सहावं झालं. मी रस्त्यात उभी आहे हे त्यांना दिसलं नव्हतं. ते थांबले, आणि सवयीने म्हणाले, "सातवं ताईकडून यायचंय." या वेळी कुणी हसलं नाही.