क्रेपच्या टेबलावर दुखवटा

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की माहेरच्यांनी दुखवटा काढायचा असतो. भावाने घरी न्यायचं, साडी द्यायची आणि आग्रह करून आपल्या हाताने गोडाचा घास भरवायचा. तोवर दुःखातल्या बाईने गोड खायचं नाही, कुणाच्या मंगल कार्याला जायचं नाही. माझे यजमान पावसाळ्यात गेले. दिवाळी होऊन गेली तरी मी लासलगावला भावाकडे गेले नव्हते. त्याच्या मुलीचा साखरपुडा ठरत आला होता आणि दुखवटा झाल्याशिवाय त्याला मला बोलावता येत नव्हतं. हे सगळं मला कळत होतं. तरीही ते दुःख कुणी विधिवत उचलून बाजूला ठेवावं, असं मला वाटत नव्हतं. का वाटत नव्हतं, हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शेवटी एका रविवारी तोच नाशिकला आला. "ताई, चल, बाहेर जेवू," म्हणाला. जागा त्याच्या मुलीने सुचवली होती. आत्याला तिथे शांत वाटेल, असं तिचं म्हणणं होतं.

जागा आमच्याच मागच्या गल्लीत, एका बंगल्याच्या तळमजल्यावर होती. येताजाता मी ती पाहिली होती, पण चित्रांचं दुकान समजत होते. आत मोजकी टेबलं आणि भिंतभर चित्रं. स्वच्छतागृहाच्या दारावरसुद्धा एक निळा घोडा. आमच्या डोक्यावरच्या चित्रात एक बाई पाय वर करून होती.

"हिला उलटी टांगली का मुद्दाम?" भावाने विचारलं.

"मुद्दाम असेल."

"तुला कळतं का यातलं?"

"नाही."

"मग बरं हाय. मला वाटलं, मलाच कळंना."

मालकीणबाई समोरच गोल तव्यावर पातळ पीठ ओतून लाकडी दांडीने फिरवत होत्या. भाऊ मान वाकडी करून बघत राहिला. "हे तर धिरडं हाय, ताई. आई डोळे झाकून करायची. अन् हे लोक चित्रं लावून विकतात."

आधी पालक-चीजचं क्रेप आलं. ते आम्ही काट्याचमच्याने कसंबसं खाल्लं. मग तो उठला. "गाडीपाशी जाऊन आलो," म्हणाला.

तो गेला आणि त्याने मागवलेलं गोड क्रेप आलं. मालकीणबाईंनी स्वतः आणून ठेवलं. "केळं आणि चॉकलेट आहे. गरम आहे तोवर खा हं, मावशी. गार झालं की वातड होतं." आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. समोर कुणी असं वाट बघत उभं राहिलं की मला नाही म्हणता येत नाही. मी तुकडा कापला आणि तोंडात घातला. आधी नुसतं गोड लागलं. आपण काय खाल्लं हे नंतर लक्षात आलं.

भाऊ साडीची पिशवी घेऊन परतला तेव्हा मालकीणबाई तव्याकडे गेल्या होत्या. त्याने ताटलीकडे पाहिलं.

"खाल्लंस?"

"हो."

"मी द्यायच्या आधी?"

"त्या म्हणाल्या, खा."

तो रागावला नाही. कांद्याच्या लिलावात बोली नक्की कुणावर सुटली हे न कळल्यासारखा उभा राहिला. मग जे करायला आला होता तेच त्याने केलं. साडी उलगडून माझ्या खांद्यावर ठेवली, बोटांनी क्रेपचा तुकडा मोडला आणि माझ्या तोंडाशी धरला.

शेजारच्या टेबलावर कॉलेजातल्या मुली बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. "हॅपी बर्थडे, काकू," एक म्हणाली. तव्यापलीकडून मालकीणबाई म्हणाल्या, "अहो, आधी सांगायचं ना, मेणबत्ती लावली असती."

"वाढदिवस नाय हो," भाऊ म्हणाला आणि थांबला. पुढचं त्याला त्या हसऱ्या मुलींना सांगता येईना. मी घास गिळला आणि म्हणाले, "थँक्यू."

मुली आपल्या गप्पांत परतल्या. मी हळूच विचारलं, "कोणता घास धरायचा? पहिला त्यांचा, दुसरा तुझा."

"लय शिकलीस म्हणून असले प्रश्न पडतात तुला. माझ्या घरी आली असतीस तर एकच घास असता."

बाहेर आल्यावर गाडीचं दार उघडून तो तसाच उभा राहिला. "पोरीच्या साखरपुड्याला येशील ना?"

अजून काही संपलेलं नाही, असं मला सांगायचं होतं. पण आत्ताच अनोळखी मुलींकडून मी नसलेला वाढदिवस मुकाट्याने घेतला होता. सख्ख्या भावाला कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? "येईन," मी म्हणाले.

"म्हंजे दुखवटा झाला?"

"ते मला माहीत नाही. पण येईन."

त्याने मान हलवली आणि तो लासलगावला निघाला. मी पायीच घरी आले. तोंडात चॉकलेटची चव रेंगाळत होती. पाणी पिऊन ती घालवावी की राहू द्यावी, हे दाराशी पोचेपर्यंत मला ठरवता आलं नाही.