बियाण्याच्या डब्यातला आवाज

वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास आला की मला नामपूरच्या आत्याचा बियाण्याचा डबा आठवतो. आई गेल्यावर तिचे व्हॉइस मेसेज मी लॅपटॉपवर आणि एका हार्ड डिस्कवर उतरवून ठेवले होते, आणि दोन्ही एकाच बॅगेत घेऊन फिरत होते. वडील एकदा म्हणाले, "कांद्याचं बी कोणी असं एकाच घरात ठेवतं का?" मला हसू आलं, तरी त्यांच्या समाधानासाठी मी एक पेनड्राइव्ह भरून दिला आणि विसरून गेले. पुढे नाशिकच्या बसस्टँडवर ती बॅगच चोरीला गेली. जुना फोन तर केव्हाच बंद पडला होता. घरी येऊन कसंबसं सांगितलं तेव्हा वडील रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "चल, आत्याकडे जाऊन येऊ." आत्याने फळीवरून पत्र्याचा डबा काढला. काळ्याभोर बियांवर, पाल्याखाली, सुती पुरचुंडीत पेनड्राइव्ह होता. "तुना बाप म्हणे, हाई बी शे, जपी ठेव," आत्या हसत म्हणाली, "हाई पेरं तर काय उगी?" तिच्या मुलीच्या कॉम्प्युटरला तो लावला, आणि आई म्हणाली, "जेवलीस का गं? खोटं बोलू नकोस." आत्या पाठ फिरवून उगाचच डबा पुसत राहिली. आता दरवर्षी नवं बी भरताना मी त्या डब्यात नवी प्रत ठेवते. यंदा तिच्यात वडिलांचाही आवाज आहे, पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही.